आधी काळी, मग राखाडी

लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले होते. घंगाळ वगैरे नव्हतं, स्टीलची परात होती, आणि नोव्हेंबरातल्या पहाटे नाशिकचं पाणी किती गार असतं ते माझे तळवे अजून विसरलेले नाहीत. पण धुतले हे खरं. पुढे अधिक महिना आला, तेव्हा तेहतीस अनारसे आले, चांदीचं ताट आलं. सासुरवाडीला गेलो की माझ्याआधी कुणी पंखा स्वतःकडे फिरवत नसे. असा अकरा वर्षं जपलेला मान टेक्सासच्या किनाऱ्यावर तीन इंच व्यासाच्या एका पन्हळी नळीतून वाहून गेला.

आमचे सासरे, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या आसपास गेली. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा तो बंधारा गाळाने भरत गेला, पाणी उथळ झालं, आणि तिथे पक्ष्यांनी संसार थाटले. खात्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे अपयश. नाना त्या अपयशाची पाहणी करायला जायचे आणि पक्षी बघत बसायचे. २०२० साली नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. जणू गाळ त्यांनीच भरून ठेवला होता.

सहा महिन्यांसाठी ते आणि सासूबाई ह्यूस्टनला आमच्याकडे आले. आल्यापासून नानांचा एकच धोशा: हूपिंग क्रेन नावाचा इथला दुर्मिळ पांढरा पक्षी बघायचा. नासा दाखवलं, तर तिथल्या पार्किंगमध्ये गिधाड बघत बसले. मॉलमध्ये नेलं, तर आत आलेच नाहीत. शेवटी बायकोने तोडगा काढला. नाताळच्या सुट्टीत आरव्ही भाड्याने घ्यायची आणि चार दिवस अरान्सासच्या अभयारण्यापाशी जाऊन राहायचं. "हॉटेलात आईला स्वयंपाक करता येत नाही," ती म्हणाली. या एका वाक्याने पुढचं सगळं घडलं.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ट्रकचं तोंड, मागे अठ्ठावीस फुटी खोका. त्यात दोन शेगड्या, फ्रिज, बेसिन, मागे एक पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा आणि मधोमध कपाटाएवढा संडास. "विंचवाचं बिऱ्हाड," सासूबाई आत पाऊल टाकत म्हणाल्या. लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाणारा असा विंचू मी पहिल्यांदाच पाहिला. भाड्याने देणाऱ्या मुलाने वीस मिनिटांत सगळं समजावलं. तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक राखाडी, म्हणजे बेसिन आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, आणि एक काळी. काळी कशाची हे त्याने सांगितलं नाही, नुसतं हसला. मीही हसलो. ती माझी त्या सहलीतली शेवटची बेफिकीर घटका.

ह्यूस्टनपासून सुमारे तीनशे किलोमीटर. पहिल्याच वळणावर वरच्या कपाटाचं दार उघडलं आणि मेतकुटाचा डबा नानांच्या टोपीवर आला. दुसऱ्या वळणावर कुकर आला. तिसऱ्या वळणापर्यंत मी वळणंच घ्यायची सोडून दिली होती. नानांचं मात्र लक्ष तारांवर. "जावईबापू, जरा हळू, तो ससाणा गेला." मागून शंभरच्या वेगाने ट्रक येताहेत, बाजूचा वारा खोक्याला ढकलतोय, आणि सासरे म्हणताहेत, जरा हळू.

अभयारण्यात रात्री मुक्काम करायची पाहुण्यांना परवानगी नाही, म्हणून आम्ही गूज आयलंड स्टेट पार्कमध्ये जागा घेतली होती. अभयारण्य तिथून खाडीपलीकडे, कावळ्याच्या वाटेने अगदी शेजारी, पण रस्त्याने तासभर. आणि आरव्हीत ‘जरा जाऊन येऊ’ असं काही नसतं. घरच घेऊन जावं लागतं. विजेची जाड केबल काढा, पाण्याची नळी काढा, चाकाखालच्या फळ्या काढा, छपरी गुंडाळा, डबे बांधा, कपाटांना कड्या घाला. मगच क्रेन बघायला निघा. परत आल्यावर हेच उलट्या क्रमाने. रोज सकाळ-संध्याकाळ लग्नाचा हॉल सोडल्यासारखं वाटायचं.

पहिल्या रात्री मी आणि बायको माळ्यावर. नाकापासून छत वीतभर. मागच्या पलंगावर नाना-सासूबाई, जेवणाच्या टेबलाची फळी पाडून केलेल्या बिछान्यावर आमची आठ वर्षांची लेक. अंधारात नानांचा आवाज येऊ लागला.

"१९४१ साली या किनाऱ्यावर हिवाळ्याला आलेले किती होते, माहितीय? पंधरा-सोळा. बस."

"अहो, झोपा आता," सासूबाई.

"हे अभयारण्य १९३७ सालचं. त्यांना वाचवायचं म्हणून केलं, पण उन्हाळ्यात ते अंडी कुठे घालतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. १९५४ साली कॅनडात जंगलातली आग बघायला गेलेल्या हेलिकॉप्टरमधून दिसले. इथून चार हजार किलोमीटर! आता साडेपाचशेच्या आसपास झालेत."

"नाना," मी छताला म्हणालो, "चार हजार किलोमीटर उडत येतात?"

"दरवर्षी. आणि प्रत्येक जोडप्याची इथली दलदल ठरलेली. दुसऱ्याला पाय ठेवू देत नाहीत."

"सातबारा असेल नावावर," सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलली. त्या कुशीबरोबर अख्खी गाडी हलली, आणि माळ्यावर आम्हीही.

दुसऱ्या दिवशी घर घेऊन अभयारण्यात गेलो. लांबलचक उतारपुलाने चढत जायचा एक मनोरा आहे. वर पोहोचलं की ओकच्या झाडांवरून थेट दलदल आणि खाडी दिसते. डास इतके की नाताळ आहे हे त्यांना कुणी कळवलेलंच दिसत नव्हतं. खाली एका फलकावर मगरींपासून दूर राहा म्हणून लिहिलेलं. नानांनी स्पॉटिंग स्कोप रोवला आणि दीड तास डोळा काढला नाही. "हा यांचा दर्वीमुख. गुलाबी आहे बघा, आपला पांढरा." मग, "हा झोळीवाला. तपकिरी." तिथल्या प्रत्येक पक्ष्याला ते आधी मराठी नाव देत आणि मगच ओळख दाखवत.

आणि मग दूर, पाण्यापलीकडे, दोन पांढरे ठिपके. आजूबाजूचे सगळे कुजबुजले, "क्रेन! क्रेन!" मी सुटकेचा निःश्वास टाकला. झालं, घरी जाऊ. नानांनी बराच वेळ पाहिलं आणि खिशातली वही बाहेर काढलीच नाही.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. नाना तिला एमबी म्हणतात. खात्यात झालेल्या कामाचं मोजमाप ज्या पुस्तकात लिहितात, ती एमबी. तिच्यात नोंद नसेल तर काम झालंच नाही. पक्ष्यांच्या एमबीचेही नियम आहेत: पक्षी अंगासकट दिसला पाहिजे आणि साक्षीदार दोन पाहिजेत.

"ठिपके मी नोंदत नाही," नाना म्हणाले. "चाळीस वर्षांत ठेकेदारांनी चुन्याचे ठिपके मारून मला पूर्ण झालेलं काम म्हणून दाखवलेत."

मनोऱ्याच्या पायथ्याशी अभयारण्याचे एक स्वयंसेवक आजोबा भेटले. सत्तरी उलटलेली, डोक्यावर खात्याची टोपी. घर विकून टाकलंय, बायको आणि ते आरव्हीतच राहतात, बारा महिने. हिवाळ्यात दक्षिणेला यायचं, आठवड्यातले काही दिवस अभयारण्याचं काम करायचं, त्या बदल्यात आतल्या बाजूला गाडी लावायला जागा, वीज, पाणी. "आणि सांडपाण्याची जोडणी थेट जागेवर," हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं की मला वाटलं, माणसाने आयुष्यात याहून जास्त काय मिळवायचं. नाना भारावले. "म्हणजे सरकारी क्वार्टर! आणि समोर क्रेन!" परतीच्या वाटेवर ते सासूबाईंना नाशिकचा फ्लॅट विकला तर किती येतील ते सांगत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी कुर्ल्या आणल्या. सासूबाई मूळच्या मालवणच्या. हूपिंग क्रेन हिवाळ्यात इथले निळे खेकडे खातो हे कळल्यापासून त्यांना त्या पक्ष्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटू लागला होता. "चवीचा आहे हो!" त्यांनी मिक्सरमध्ये वाटप घातलं. हीटर चालू होता, लेकीने मायक्रोवेव्हमध्ये भात ठेवला होता, आणि आमच्या खांबावर वीज होती तीस अँपिअर. मिक्सर गुर्रर्र झाला आणि घर अंधारात गेलं. टॉर्च घेऊन मी बाहेर खांबापाशी. बटण वर केलं, उजेड आला, आतून पुन्हा गुर्रर्र, पुन्हा अंधार. शेवटी ठरलं की वाटप होईपर्यंत सगळ्यांनी थंडीत बसायचं. मग फोडणी पडली आणि धुराचा अलार्म बोंबलायला लागला. लेक खुर्चीवर चढून त्याच्यावर टॉवेल फडकवतेय, शेजारच्या गाडीतला मिनेसोटाचा म्हातारा दार वाजवून विचारतोय, सगळं ठीक आहे ना. त्याला वाटीभर कालवण दिलं. तो डोळ्यांतून पाणी काढत संपवून गेला आणि त्यानंतर आमचा झाला.

कालवण अप्रतिम झालं होतं. पण पाच माणसं, मालवणी मसाला आणि अठ्ठावीस फूट. पुढचं सांगायला नको, पण सांगावंच लागेल.

आरव्हीची काळी टाकी साधारण एकशे पंधरा लिटरची. ज्याने तिचा हिशेब केला, त्याने कागद वापरणारा माणूस गृहीत धरला. पायाने पेडल दाबायचं, पेलाभर पाणी पडतं, संपलं. आमच्या घराण्याचं तसं नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिथे प्लास्टिकचा मग ठेवला होता. एका वेळी दोन मग, नाना असतील तर तीन. भिंतीवर एक पट्टी होती, बटण दाबलं की लाल दिवे लागून टाकी किती भरली ते दाखवणारी. लेकीला तो खेळच सापडला. दर तासाला ती खणखणीत आवाजात जाहीर करायची, "बाबा, ब्लॅक टँक वन थर्ड!" कुर्ल्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घोषणा आली: "टू थर्ड!"

आणि त्याच दुपारी नॉर्दर आला. टेक्सासात हिवाळ्यात उत्तरेकडून असा गार वारा अचानक उतरतो. सकाळी डास मारत होतो, दुपारी कानटोप्या. क्रेन जवळून दाखवायला जाणाऱ्या बोटीचं आमचं तिकीट होतं, बोट रद्द. खाडीवर पांढऱ्या लाटा, गाडी पाळण्यासारखी हलतेय, आणि आत पाच जण एका टाकीकडे बघत बसलेले.

इथे नानांमधला अभियंता जागा झाला. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

"साठा सहासष्ट टक्के," ते म्हणाले. "आवक चालू आहे. आवर्तन ठरवावं लागेल."

त्यांनी खरोखरच एका कागदावर आवर्तन लिहिलं. कालव्याचं पाणी गावांना पाळीपाळीने सोडतात ना, तसं. सकाळी लेक. मग बायको. मी राखीव. मगाचा वापर माणशी एक. सासूबाईंनी तो कागद वाचला, घडी केली, साडीवर स्वेटर चढवला, कानाला मफलर बांधला आणि म्हणाल्या, "मी पार्कातल्या संडासात जाते. तुमचं धरण तुम्हाला लखलाभ." आणि तिथून पुढे निघेपर्यंत त्या वाऱ्यापावसात तिकडेच चालत जायच्या. चालायला लागल्या की मग जरा पुढेही जायच्या. पार्कच्या बाहेर एक अजस्र ओक आहे, हजार वर्षांहून जुना म्हणतात. २०१७ साली हार्वे वादळ याच किनाऱ्यावर धडकलं, त्यातही तो टिकला. सासूबाई त्या झाडाला नमस्कार करून परत यायच्या.

चौथ्या दिवशी, निघायच्या सकाळी, लेक उठल्या उठल्या ओरडली, "फुल!"

माझ्या पोटात गोळा आला. मिनेसोटाचा म्हातारा मदतीला आला. कालवणाचं ऋण होतं. त्याने मला रबरी हातमोजे दिले आणि गुरुमंत्र दिला: आधी काळी, मग राखाडी. कारण राखाडीचं साबणाचं पाणी मागून गेलं की तीच नळी धुऊन निघते. उलटं केलंस तर, तो म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही, नुसता खाडीकडे बघत राहिला. त्याने आपल्या पेटीतून एक पारदर्शक कोपरही काढून दिलं, नळी आणि गाडी यांच्या मध्ये बसवायला. टाकी स्वच्छ झाली की नाही ते डोळ्यांनी दिसावं म्हणून. मला ते दिसायला नको होतं. पण गुरूला नाही कसं म्हणायचं.

मी केबल काढत होतो, तेवढ्यात सासूबाई फेरीहून आल्या. "ते तुमचे पाहुणे तिकडे उभे आहेत," त्या नानांना म्हणाल्या. "झाडाच्या पलीकडे, कुरणात. गाईंच्या शेजारी."

"बगळे असतील," नाना म्हणाले. "गाईंपाशी बगळेच असतात."

"माझ्या खांद्याला लागेल एवढा बगळा? डोक्यावर लाल टोपी? आणि एक पोर आहे, विटकरी रंगाचं."

नानांच्या हातातला चहा तसाच राहिला. विटकरी पिल्लू हे सासूबाईंना सुचण्यासारखं नव्हतं. क्रेनचं पहिल्या वर्षाचं पिल्लू तसंच असतं. नानांनी स्कोप उचलला, बायकोने लेकीला उचललं, आणि चौघंही चालत सुटले. "तू येतोयस ना?" बायकोने मागे वळून विचारलं. अकरा वाजता जागा सोडायची होती, आणि टाक्या रिकाम्या करायच्या डंप स्टेशनवर रांग लागलेली दिसत होती. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. आवर्तनातला राखीव.

डंप स्टेशन म्हणजे सिमेंटचा उतार, त्यात एक भोक, त्याला झाकण, बाजूला नळ आणि ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी. मी नळी जोडली. कोपर बसवलं. मंत्र म्हटला. काळ्या टाकीचा दांडा ओढला.

कोपरातून काय गेलं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की कुर्ल्यांचं कालवण मी पुन्हा वर्षभर खाल्लं नाही. मागे तीन गाड्या उभ्या. वाकून, श्वास धरून, एका हाताने नळी भोकात दाबून धरलेली. सोडली असती तर तिने उडी मारली असती.

आणि वरून तुतारी वाजली.

तुतारीच. नाना म्हणायचे ते खरं होतं. या पक्ष्याची श्वासनलिका दीड मीटर लांब असते आणि छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, म्हणून तो आवाज असा येतो. मी मान वर केली. हात नळीवर. माझ्या डोक्यावरून, फार तर दोन नारळाच्या उंचीवरून, तीन पक्षी गेले. पुढे एक, मागे एक, मध्ये पिल्लू. मान भाल्यासारखी पुढे, पाय मागे सरळ. पंख माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, पांढरे शुभ्र, टोकाला काळे, आणि एक पंख खाली आला तेव्हा त्याच्या पिसांमधून उजेड दिसला. पिल्लाच्या मानेवर विटकरी रंग अजून निघायचा बाकी होता. ते खाडीकडे गेले, अभयारण्याच्या बाजूला. नळीत गडगड चालूच होती. मागच्या गाडीतला माणूसही दार उघडून, टोपी काढून वर बघत उभा होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, अजून किती वेळ?

गडबडीत नळी काढताना जे व्हायचं ते झालं. पायात स्लिपर होत्या.

वीस मिनिटांनी मंडळी आली. नाना धापा टाकत होते, चेहरा लग्नात होता तसा. "तीन! एवढ्या अंतरावर!" त्यांनी हात पसरून दाखवलं. "दहा मिनिटं चरत होते. मग उडाले."

"माहितीय," मी म्हणालो. "इथून गेले."

"तुम्ही पाहिले?" एमबी बाहेर आली. "किती वाजता? दिशा?"

मी सांगितलं.

"साक्षीदार?"

"तो मागच्या गाडीवाला."

"नाव विचारलंत?"

"नाना, माझ्या हातात काय होतं ते बघा."

नानांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे. एमबी काखेत धरली. नळाची नळी उचलली आणि म्हणाले, "पुढे करा."

"अहो नाना, राहू द्या, मी..."

"करा म्हणतो ना."

मी पाय पुढे केले. नानांनी पाणी सोडलं. नाशिकच्या परातीतल्या पाण्यापेक्षा ते किती तरी गार होतं. मागून सासूबाई ओरडल्या, "साबण लावा हो त्यांना!" मग नानांनी नळ बंद केला, बाकावर बसले आणि एमबीत लिहायला लागले. लिहिता लिहिता मला वाचून दाखवलं: हूपिंग क्रेन, तीन, उड्डाण उत्तरेकडे, मौजे डंप स्टेशन.

तेवढ्यात गाडीतून लेकीचा आवाज आला. "बाबा, अजून टू थर्डच दाखवतंय!"

मी मटकन पायरीवर बसलो.

"तो मृतसाठा," नाना वहीतून डोकं न काढता म्हणाले. "तो हिशेबात धरायचा नसतो."